गयेच्या वाटेवरचा पांढरा उजेड

काशीहून परतलेला माणूस सहसा दोन गोष्टी सांगतो. डोळ्यांचं पारणं फिटलं, आणि पंड्यानं लुबाडलं. मला दोन्हींपैकी एकही सांगता येत नाही. मी तिथं आठ दिवस होतो. त्यातले पहिले पाच एका जुन्या गाडीच्या पुढच्या दिव्यांपायी गेले. ज्यांना घाटांची वर्णनं हवीत त्यांना ती इतरत्र मुबलक मिळतील. मी दिव्यांबद्दल लिहितो.

मी साताऱ्याचा, निवृत्त ग्रंथपाल. सोबत माझी थोरली बहीण सुमाताई, वय त्र्याहत्तर. गेल्या वर्षी दाजी गेले. त्यांना मूलबाळ नाही. त्यांचं श्राद्ध गयेत व्हावं एवढं एकच मागणं तिनं माझ्यापुढे ठेवलं, तेही इतक्या कमी शब्दांत की नाही म्हणायला जागा राहिली नाही. काशीत आमचा मावसभाऊ विनायक राहतो. आम्ही त्याला विनूदादा म्हणतो. त्याच्या घराण्यात काशीत जन्मलेली ही पाचवी पिढी. तो बँकेतून निवृत्त झाला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्ही.

राजा घाटामागची गल्ली

घर राजा घाटाच्या मागं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं कुणाच्या तरी ओट्यावर चढावं अशा गल्लीत. आम्ही पोचलो तेव्हा विनूदादा ओट्यावर उभा होता.

"आलात! मी म्हटलं होतं ना, देशाकडचे लोक उशीर करतात पण येतात जरूर." काशीतले मराठी महाराष्ट्राला अजून 'देश' म्हणतात. आपण परदेशी आहोत असं मात्र त्यांना वाटत नाही.

"गाडीच लेट होती," सुमाताई म्हणाली.

"गाडी कुणाची होती? देशाकडचीच ना?"

जेवायला वहिनींनी रामनगरच्या वांग्याचं भरीत केलं होतं. हे वांगं आपल्याकडच्या नारळाएवढं असतं आणि आत बी जवळजवळ नसतं. साताऱ्यात मी हे सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. मीही ठेवला नसता. आमटीला मात्र गोडा मसालाच होता. तो दरवर्षी पुण्याहून कुणी ना कुणी आणून देतं.

जेवताना विनूदादानं बेत सांगितला. गयेला जायचं ते त्याच्याच गाडीतून. देशाकडून आलेल्या माणसाला भाड्याच्या गाडीत घालून गयेला पाठवायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. त्याच्या वडिलांनी जीपमधून लोक नेले आणि गेली पस्तीस वर्षं तो नेतोय. दुसरा रिवाज असा की गयेत रात्र काढायची नाही. श्राद्ध मध्यान्हीच्या आत सुरू व्हायला हवं, म्हणजे अडीचशे किलोमीटरसाठी पहाटे चारला निघायचं आणि परतताना पुन्हा अंधारातून यायचं.

"बाकी सगळं इंतजाम झालंय," तो म्हणाला. "फक्त बत्त्या बदलायच्यात. हॅलोजन एकदम कमजोर पडलेत. रस्ता धुंदला दिसतो. झेनॉन लावले की रात्रीचा दिवस!"

वहिनींनी मला न विचारता आणखी भरीत वाढलं.

झेनॉन म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. साध्या हॅलोजन दिव्यात तार तापते आणि पिवळसर उजेड देते. झेनॉनमध्ये तारच नसते. काचेच्या नळीतल्या वायूत विजेची ठिणगी पेटते आणि पांढराशुभ्र, जरा निळसर उजेड पडतो. त्यासाठी ट्यूबलाइटला असतो तसा एक चोक लागतो. हे सगळं एका पेटीत मिळतं. अशी पेटी जुन्या गाडीत घालणं नियमात बसतं का, असं मी विचारलं. "काशीत काय नियमात बसतं?" असं उत्तर मिळालं.

संध्याकाळी तो आम्हाला घाटावर घेऊन गेला. काशी या नावाचा अर्थ प्रकाशणारी, असं शब्दकोश सांगतात. अलीकडे कुणीतरी तो अर्थ फारच मनावर घेतलेला दिसतो. राजवाड्यांच्या भिंतींवर जांभळे, हिरवे झोत सोडलेत. आरतीला इतके दिवे असतात की नदी दिसत नाही. पायऱ्या उतरताना विनूदादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेवटच्या पायरीपर्यंत काढला नाही. मला बरं वाटलं. वय झालं की माणसं मायाळू होतात, असं मी मनात म्हटलं. परतताना गल्लीत उभ्या असलेल्या एका गाईवर तो सरळ जाऊन आदळला आणि तिलाच रागावला.

मिस्त्रींचं गॅरेज

गल्लीत गाडी येत नाही. ती रेल्वे स्टेशनच्या पलीकडे लल्लन मिस्त्रीच्या गॅरेजात दोन महिने उभी होती. झेनॉनची पेटी दिल्लीहून यायची आहे, एवढंच कारण. दोन महिन्यांत दिल्लीहून माणूस चालत आला असता.

लल्लन मिस्त्री पन्नाशीचा, अंगानं बारीक, तोंडात कायम पान. त्यामुळे तो कुठल्याही प्रश्नाला आधी हनुवटी वर करून उत्तर देतो. हनुवटीचा अर्थ हो की नाही, हे पान संपल्यावर कळतं.

"पेटी आली?" विनूदादानं विचारलं.

हनुवटी वर गेली.

"म्हणजे आली?" मी विचारलं.

मिस्त्री बाहेर जाऊन थुंकून आला. "रस्ते में है, भैया."

मी चाळीस वर्षं ग्रंथालयात काढली आहेत. 'पुस्तक रस्त्यात आहे' म्हणणाऱ्या माणसाच्या घरात ते पुस्तक कुठं असतं, हे मला पाहून सांगता येतं. मी सहज फिरल्यासारखा आत गेलो. फळीवर, जुन्या टायरच्या मागं, एक चकचकीत पेटी होती. वर एका लांबलचक परदेशी गाडीचं चित्र. तसली गाडी काशीत आली तर पहिल्याच गल्लीत बूच होऊन बसेल. पेटीवर बोटभर धूळ होती.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुढचं बरंच टळलं असतं, किंवा नसतंही.

त्या दुपारी विनूदादा चष्मा कपाळावर सरकवून वर्तमानपत्र वाचत बसला होता. लग्नाच्या जाहिरातींतली बारीक अक्षरं तो मोठ्यानं वाचून सुमाताईला हसवत होता. 'मुलगा सुसंस्कृत, स्वतःचा पंप.' सत्तरीच्या माणसाची ही नजर पाहून मला हेवा वाटला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा दबका आवाज आला. त्या फोनवर होत्या.

"लल्लन भैया, और दो-चार दिन टालिए. मेहमान लौट जाएँगे तब तक."

मी पाण्याचा पेला हातात घेऊन दारामागं उभा राहिलो. याला लपून ऐकणं म्हणतात, हे मला मान्य आहे. पण संशय हा माझा जुना आजार आहे आणि त्याला लगेच खाद्य मिळालं होतं. वहिनी आणि मिस्त्री आतून एक. बिचारा विनूदादा दोन महिने फेऱ्या मारतोय. कशासाठी हे कळत नव्हतं. पण संशयी माणसाला कारणाची फारशी गरज नसते, त्याला पुरावा पुरतो. आणि पुरावा टायरच्या मागं होता.

भिंतीवरची रेघ

चौथ्या दिवशी मी विनूदादाला घेऊन पुन्हा गॅरेजात गेलो आणि थेट आत जाऊन पेटी बाहेर आणून टेबलावर ठेवली.

"ही रस्त्यात होती ना?" मी मराठीतच विचारलं. काही गोष्टी कुठल्याही भाषेत कळतात.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात लाज नव्हती. आता मला वाटतं, कीव होती.

विनूदादा मात्र लहान मुलासारखा खूश झाला. "वा रे सदू! लल्लन, अब बोलो!"

"गुरुजी, पुरानी वाली भी ठीक है," मिस्त्री म्हणाला. "दिन में निकलिए. का जल्दी है?"

"नाही लावायचे तर सांगा, दुसरीकडे जातो," मी ठणकावलं.

मग त्यानं पान थुंकलं आणि बाही वर केली. "दूसरा तो आसमान में लगा देगा. लाइए, हमहीं लगाते हैं."

तो काम करत असताना मी त्याच्या डोक्यावर उभा होतो. त्यानं जुने दिवे काढले, झेनॉनच्या नळ्या कापडात धरूनच बसवल्या. बोट लागलं तर काच जाते, म्हणाला. चोक एका कोरड्या कोपऱ्यात पक्का आवळला. मग त्यानं गाडी समोरच्या भिंतीपासून पावलं मोजून मागं घेतली आणि भिंतीवर खडूनं एक आडवी रेघ मारली. दिव्याचा झोत रेघेच्या वर गेला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हॅलोजनच्या खोबणीत झेनॉन बसवला की उजेड फुटून चहूकडे जातोच, तरी जमेल तेवढा खाली आणतो, असं त्यानं सांगितलं. एवढ्यावर तो थांबला नाही. मागच्या सीटवर त्यानं सिमेंटच्या दोन गोण्या ठेवल्या आणि पुन्हा मोजलं.

"गोण्या कशाला?" मी विचारलं.

"बहिनजी पीछे बैठेंगी. और लौटते में गंगाजल के डिब्बे. पीछे वजन, आगे मुँह ऊपर." त्यानं हातानं दाखवलं.

मला वाटलं, हा माणूस चोर असेल, पण कारागीर आहे.

अंधार पडायला लागला तसे त्यानं दिवे लावले. आधी जांभळट लुकलुक झाली, मग दोन-तीन क्षणांत पांढराफेक उजेड भरत गेला. भिंतीवरची पालसुद्धा स्पष्ट दिसू लागली.

"दिवस झाला!" विनूदादा म्हणाला आणि त्यानं माझी पाठ थोपटली.

निघताना मिस्त्रीनं मला बाजूला घेतलं. "भैया, गाड़ी आप चलाइए."

काही बिघडलं तर खापर माझ्यावर फुटावं, म्हणून हा बंदोबस्त असणार, असं मी ताडलं. आणि विनूदादाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

पाच मिनिटंही झाली नसतील. डावीकडून एक पेरूवाला हातगाडी ढकलत रस्त्यावर येत होता. झेनॉनच्या उजेडात तो रंगमंचावर आल्यासारखा दिसत होता. त्याचा लाल मफलर, पेरूंवरची पानं, तराजूची साखळी सगळं दिसत होतं. मला वाटलं, विनूदादा आता वेग कमी करील. मग वाटलं, आता. मग मी हँडब्रेक ओढला.

गाडी आडवी होऊन थांबली. हातगाडीला नुसता धक्का लागला, पण पेरू सगळे रस्त्यावर.

"आन्हर हउआ का गुरु?" पेरूवाला ओरडला. "एतना बड़ा ठेला ना लउकत?" आंधळा आहेस का, एवढी मोठी गाडी दिसत नाही का, असं तो विचारत होता.

"एकदम बीच में आ गया!" विनूदादा ओरडला.

पेरूवाला मध्ये आला नव्हता. तो कडेनं येत होता, आणि पूर्ण वेळ उजेडात होता. हे मला दिसलं होतं. विनूदादाला तो दिसला तेव्हा आधीच मध्ये होता.

मी खाली उतरून पेरू वेचले. विनूदादाही उतरला. समोर पडलेले पेरू तो झटकन उचलायचा. पायाच्या बाजूला पडलेल्यांवरून पाऊल टाकून पुढं जायचा.

भरिताच्या ताटावर

घरी पोचल्यावर विनूदादा देवाजवळ दिवा लावायला गेला. मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं.

"त्याला दिसत नाही."

त्या चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. "काचबिंदू आहे, भाऊजी. दोन्ही डोळ्यांत."

"पण तो पेपर वाचतो! जाहिराती वाचतो!"

"समोरचं शेवटपर्यंत दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. अंधार कडेकडेनं आत येतो. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. यात गेलेलं परत येत नाही."

"आणि त्याला माहीत आहे?"

"त्यांना माहीत आहे की बत्ती कमजोर आहे." त्यांनी भाकरी उलटली. "एरवी ते गाडीला हात लावत नाहीत हो. पण देशाकडून कुणी आलं की मला काही बोलता येत नाही. सासऱ्यांनी नेलं, म्हणून यांनी न्यायचं. नाही नेलं तर त्यांना वाटेल, आपण आता या घरातले कुणीच नाही. म्हणून लल्लन भैयांच्या पाया पडून मी दोन महिने काम थोपवलं. तुम्ही चार दिवसांत उरकलंत."

माझ्या वाचनात कितीतरी चतुर माणसं आलेली आहेत. त्यातल्या एकाचाही मला त्या क्षणी उपयोग झाला नाही.

सुमाताई दारात उभी होती. लपून ऐकण्याची खोड आमच्या रक्तातच असावी.

पानं वाढली, आजही भरीतच. विनूदादा झेनॉनचं गुणगान करत होता. पेरूवाल्याचा उल्लेख त्यानं केला नाही, मीही केला नाही. सुमाताईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "विनू, परवा पहाटे गाडी सदू चालवेल."

"काय म्हणतेस? मेहमानाला गाडी चालवायला लावू? बाबा काय म्हणाले असते?"

"तुझे बाबा मला काय म्हणायचे ते मला माहितीये. सुमी म्हणायचे आणि ऐकायचे."

"सदूला रस्ता कुठं ठाऊक आहे?"

"म्हणूनच तू पुढं बसायचंस आणि सांगायचंस. हा गावातल्या गावात चुकतो."

"हे खरं आहे," मी म्हणालो. खरं नाही ते.

विनूदादा जेवायचा थांबला. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि तेच फार स्पष्ट होतं. वहिनी ताटातल्या मिठाकडे बघत होत्या. "ह्यांच्या श्राद्धाला जायचंय," सुमाताई हळू आवाजात म्हणाली. "मला तू सोबत हवास. गाडीचं काय."

तो उठला, खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. ठेवताना ताटाच्या कडेला हात लागून वाटी कलंडली. आमटी पसरली.

"क्लच जरा वर उचलतो," तो म्हणाला. "आणि तिसरा गिअर प्यारसे टाकायचा."

पहाट, मोहनियाच्या अलीकडे

गंगेचा पूल ओलांडला आणि धुकं आलं. आपल्याकडे महाबळेश्वरला असतं ते धुकं पाहुणचारासारखं असतं. इथलं माणसाला गिळतं. मी झेनॉन लावले. सगळा पांढरा उजेड धुक्यावर आपटून आमच्याच तोंडावर परत आला. काचेपुढे जणू कुणी धोतर वाळत घातलं होतं. समोरून येणारे ट्रकवाले दिवे लावून-विझवून मला शिव्या देत होते. त्या शिव्या रास्त होत्या. जुने हॅलोजन याहून बरे ठरले असते, हे मला कळलं तेव्हा ते गॅरेजात फळीवर होते.

मी गाडी बैलगाडीच्या वेगानं हाकत होतो. मागं सुमाताई शाल गुंडाळून ताठ बसली होती.

"आता पुलिया येईल," विनूदादा म्हणाला. "हलका ब्रेक."

पुलिया आली.

"उजवीकडं ढाबा. ट्रक आडवे उभे करतात साले. डावीकडून काढ."

दोन ट्रकांच्या सावल्या उजवीकडे दिसल्या आणि गेल्या. तो समोर बघत होता, हात मांडीवर. मी दोन चांगले डोळे घेऊन काही पाहू शकत नव्हतो आणि तो मला वळणावळणानं पुढं नेत होता. कुठं रस्ता खचलाय, कुठं गावातली माणसं पहाटे रस्ता ओलांडतात, कुठल्या उतारावर ट्रक ब्रेक सोडतात. पस्तीस वर्षांचा रस्ता त्याच्या डोक्यात होता. मग माझ्या लक्षात आलं की अलीकडे काही वर्षं तो असाच आला असणार, मागं कुणाची तरी विधवा, कुणाचे तरी आईवडील बसवून.

"कोहऱ्यात सगळ्यांची नजर सारखी, सदू," तो अचानक म्हणाला आणि हसला. एवढंच.

सहाच्या सुमारास उजाडू लागलं. धुकं पांढऱ्याचं राखाडी झालं, रस्त्याची कड दिसायला लागली. मी दिवे बंद केले.

विनूदादा सीटवर सावरून बसला. "आता मोहनिया येईल. त्याच्या अलीकडे डावीकडं महुआचा जुळा पेड आहे. दोन बुंधे, वर एकच छत्री. बाबा म्हणायचे, तो दिसला की लक्षात ठेवायचं, आता परत फिरायचं नाही. प्रत्येकाला दाखवतो मी. मागच्या पितृपक्षात नागपूरवाल्यांना दाखवला."

मी डावीकडे पाहत गेलो. रस्ता रुंद करण्यासाठी तिथली जमीन तासलेली होती. सिमेंटचे ठोकळे रांगेत पडले होते. आणि त्यांच्या पलीकडे दोन बुंधे होते, जमिनीलगत सपाट कापलेले. कापलेली बाजू पार काळी पडली होती. एकावर कुणीतरी गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. हे काम या वर्षीचं नव्हतं, गेल्या वर्षीचंही नव्हतं.

"दिसला?" विनूदादानं विचारलं.

मी आरशात पाहिलं. सुमाताईनं खिडकीला कपाळ टेकवलं होतं. तिनं ते बुंधे पाहिले होते.

"दिसला," मी म्हणालो.

"केवढा मोठा आहे रे," मागून ती म्हणाली.

"दो सौ साल का," विनूदादा म्हणाला. त्यानं मान पूर्ण डावीकडे वळवली आणि ती जागा मागं पडून कितीतरी वेळ झाला तरी तो तिकडंच बघत राहिला. मी तिसरा गिअर प्यारसे टाकला.